उपकारस्तुती आणि हसू : टिळक दांपत्याच्या लेखनातील कृतज्ञता व आनंद

प्रास्ताविक

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाची चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती होत आली आहे. पहिला प्रश्न धर्मांतराचा : कोणी, केव्हा व का धर्म बदलला. दुसरा प्रभावाचा : फादर स्टीफन्स यांच्या ओवीने मराठी पुराणपरंपरेकडून काय घेतले, रेव्हरंड टिळकांच्या अभंगावर तुकारामांचे ऋण किती. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. मात्र त्यांच्यामुळे तिसरा एक प्रश्न मागे राहिला. धर्म बदलल्यानंतरच्या रोजच्या जगण्यात या माणसांना कशाबद्दल कृतज्ञ वाटले आणि त्यांचा आनंद कोणत्या मराठीत बोलला? ख्रिस्ती जीवनात कृतज्ञता व आनंद ही केवळ भावनांची नावे नाहीत. ती उपासनेची अंगे आहेत, किंबहुना विहित कर्तव्ये आहेत. कर्तव्य म्हणून सांगितलेला आनंद साहित्यात उतरताना खरा राहतो का, हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एकाच घरातील दोन लेखकांच्या आधारे केला आहे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची भक्तिपर कविता आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र यांना सामान्यतः परस्परपूरक मानले जाते. पतीने भक्ती लिहिली, पत्नीने त्या भक्तीचा संसार लिहिला, अशी ती सोयीची वाटणी आहे. प्रत्यक्षात या दोन लेखनांत कृतज्ञतेच्या दोन भिन्न कल्पना वावरतात आणि दुसरी पहिलीला प्रश्न विचारते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

हा विषय भिवंडीत बसून विचारात घेण्यास थोडे स्थानिक निमित्तही आहे. भिवंडीहून कामणमार्गे चिंचोटीकडे जाणारा रस्ता पुढे वसईत उतरतो. तेथील पोर्तुगीज सत्ता १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेने संपली. परंतु तेथील ख्रिस्ती शेतकरी, त्यांची सामवेदी व वाडवळी बोली आणि त्यांचे सणवार टिकून राहिले. मुंबई-ठाणे पट्ट्यातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज ऑक्टोबरच्या आरंभी ‘आगेरा’ साजरा करतो. भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांवर आशीर्वाद मागितला जातो. नवान्न ठाऊक असलेल्या भिवंडी तालुक्यातील कोणत्याही शेतकऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. पिकाबद्दलची कृतज्ञता धर्माच्या सीमा सहज ओलांडते. प्रश्न सुरू होतो तो पीक बुडते तेव्हा, आणि कृतज्ञतेच्या शब्दांची खरी परीक्षा तेथेच होते.

शब्दांचा प्रश्न

मराठी घरात ‘आभारी आहे’ असे आईला कोणी म्हणत नाही. म्हटलेच तर तिला ते लागते. जवळच्या नात्यात आभार मानणे म्हणजे नाते तोडून हिशेब पुरा करणे, अशी आपल्या भाषेची जुनी समजूत आहे. ‘उपकार’ हा शब्द तर अधिकच अवघड. त्याच्यामागे ‘ओझे’ हा शब्द आपोआप येतो आणि ‘मोठे उपकार झाले’ हे वाक्य निम्म्या वेळा उपरोधानेच उच्चारले जाते. संतपरंपरेने या अडचणीतून ‘उतराई’ या शब्दाने वाट काढली. गुरूचा उतराई होता येत नाही, ही कबुली हीच तेथे कृतज्ञतेची परमावधी ठरते.

बायबलच्या मराठी भाषांतरकारांपुढे हाच पेच होता. त्यांनी ‘उपकारस्तुती’ हा जोडशब्द रूढ केला. व्यवहारात तो चर्चबाहेर फारसा चालला नाही, पण त्याची घडण विचारपूर्वक आहे : उपकाराचे ओझे स्तुतीत विरघळवले की ते ओझे राहत नाही. दुसरा शब्द ‘आभारप्रदर्शन’. महाविद्यालयीन समारंभांत हा शब्द कोठे येतो हे प्राध्यापकवर्गाला सांगावयास नको. प्रमुख पाहुणे घड्याळाकडे पाहत असतात आणि मागच्या रांगा चहाकडे वळलेल्या असतात. हाच शब्द प्रचलित मराठी बायबलमध्ये पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात येतो. ते पत्र बंदिवासातून लिहिलेले आहे आणि त्यात आनंदाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. शब्दाची झीज किती होऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

मूळ ग्रीकमध्ये कृपेसाठी ‘खारिस’, आनंदासाठी ‘खारा’ आणि उपकारस्तुतीसाठी ‘युखारिस्तिया’ हे शब्द आहेत. तिघेही एकाच कुळातले. ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी असलेल्या भोजनविधीला युखारिस्त हे नाव याच शब्दावरून मिळाले. ग्रीक वाचकाच्या कानाला जी जवळीक ऐकू येते, ती मराठीत कृपा, आनंद व उपकारस्तुती या तीन वेगळ्या शब्दांत हरवते. मराठीने मात्र एक भरपाई केली आहे, तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाचा आरंभ मराठी बायबलात ‘धन्य’ या शब्दाने होतो. धन्य म्हणजे सुखी, कृतार्थ; आणि ‘धन्यवाद’ म्हणजे समोरच्याला धन्य म्हणणे. आनंद आणि कृतज्ञता या दोघांचा सांधा असा एका देशी शब्दात जुळतो. त्या प्रवचनात धन्य म्हटलेली माणसे कोण, तर दीन, शोक करणारी, छळ सोसणारी. तेथील आनंद परिस्थितीचे प्रमाणपत्र मागत नाही.

या आनंदाला मराठीत पहिले मोठे काव्यरूप फादर थॉमस स्टीफन्स यांनी दिले. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथातील आनंद कथेच्या अंगाने येतो. जुने पुराण सुटलेल्या श्रोत्यांना नवे पुराण ऐकण्याचा आनंद देणे हे त्याचे प्रयोजनच होते. मात्र तो श्रोत्यांचा, समूहाचा आनंद आहे. एकट्या माणसाने ‘हे मला मिळाले’ असे म्हणण्यासाठी मराठी ख्रिस्ती कवितेला सुमारे तीन शतके थांबावे लागले.

टिळक : पत्ता सापडलेली कृतज्ञता

टिळकांच्या धर्मांतराची हकीकत सर्वपरिचित आहे. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र या हकीकतीमुळे एक गैरसमज रूढ झाला, तो असा की त्यांच्या कवितेतील आनंद हे धर्मांतराचे फळ आहे. फुले, मुले, वनश्री यांविषयीची टिळकांची ओढ त्यांच्या स्वभावातच होती. ‘फुलांमुलांचे कवी’ ही त्यांची ओळख त्यांच्या धर्मावर अवलंबून नाही. बाप्तिस्म्याने आनंद निर्माण केला नाही, त्याने आनंदाला पत्ता दिला. आधी जो हर्ष फुलाभोवती घुटमळत होता, तो आता फूल देणाऱ्याकडे वळला. हा बदल वाङ्मयीन दृष्ट्या लहान नाही. निसर्गकवितेचा ‘पाहा’ हा उद्गार भक्तिगीतात ‘तू दिलेस’ असा होतो, आणि दुसरा पुरुष आला की कवितेची सारी रचना बदलते.

या ‘तू’शी बोलण्याची रीत टिळकांनी चर्चच्या भाषांतरित गीतांतून उचलली नाही. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणांपाशी आलो, अशी त्यांची स्वतःची साक्ष होती. ‘अभंगांजली’तील ख्रिस्त हा गुरू आहे, माउली आहे, त्याच्याशी लडिवाळपणा चालतो. इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेल्या गीतांना सरावलेल्या मराठी मंडळींना आपल्याच भाषेत आनंदण्याची मोकळीक टिळकांनी दिली. आजही मराठी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये ‘उपासना-संगीत’ उघडले की त्यांची गीते पानोपानी भेटतात. शंभर वर्षांहून अधिक काळ माणसांच्या तोंडी राहणे, ही भक्तिगीताची सर्वांत कठीण कसोटी ते उतरले आहेत.

तरीही समीक्षेने येथे थोडे थांबले पाहिजे. टिळकांच्या अनेक गीतांत आनंद फार लवकर हाती लागतो. दुःखाचा उल्लेख येतो, पण पुढच्या चरणात त्याचे निवारण ठरलेले असते. यास सामुदायिक गीताची मर्यादा कारण आहे, हे खरे. शंभर माणसांनी एका स्वरात गावयाच्या रचनेत एकाची घालमेल मावत नाही. परंतु बायबलमधील स्तोत्रसंहिता हेही सामुदायिक गायनाचेच पुस्तक आहे आणि तिच्या १५० स्तोत्रांपैकी जवळपास एक-तृतीयांश विलापाची आहेत. त्यांतील बहुतेक विलाप शेवटी स्तुतीकडे वळतात. ८८ वे स्तोत्र तर तसे वळतही नाही, ते अंधारातच संपते. इस्राएलच्या उपासनेने ते स्तोत्र गाळले नाही. तुकारामांनीही विठ्ठलाशी भांडण मांडताना हात आखडता घेतला नाही. सेतू तुकारामांचा घेतला, पण त्यावरचे भांडण मात्र टिळकांनी बरेचसे अलीकडच्या तीरावर ठेवले. जेथे त्यांनी ते बरोबर नेले, जेथे विरह, अधीरता किंवा बापाचा शोक शब्दांत शिल्लक राहतो, तेथे त्यांचा आनंदही अधिक विश्वसनीय वाटतो.

मिंधेपणाची सावली

टिळकांच्या कृतज्ञतेला आणखी एक पदर आहे. तो उलगडल्याशिवाय तिचे मोल ध्यानात येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी ख्रिस्ती माणसाने ‘मी कृतज्ञ आहे’ असे म्हटले, तर ऐकणारा विचारी : कोणाला? देवाला की मिशनला? १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांत मिशनच्या आश्रमांनी असंख्य निराधार मुलांना अन्न व आसरा दिला. त्या अन्नाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच अन्नामुळे ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा साऱ्या समाजाला कायमचा चिकटला, आणि समाजाच्या आतही मायबाप मिशनरी व त्यांचे लेकरू अशी नात्याची घडी बसली. कृतज्ञता आणि मिंधेपणा यांच्यातली रेषा पुसली गेली. मिंधा माणूस आभार मानतो, पण त्याला आनंद होत नाही. देणाऱ्यासमोर तो मोकळा हसू शकत नाही. या दोहोंतला फरक ओळखण्याची ही जुनी आणि खात्रीची खूण म्हणता येईल.

टिळकांना हा फरक तीव्रतेने जाणवत होता. ते अमेरिकन मराठी मिशनचे सेवक होते, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते, आणि तरीही देशी ख्रिस्ती माणसाने मिशनऱ्याचे बोट सोडून चालावे, असे ते सातत्याने मांडत राहिले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरवले आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना पुढे आणली. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत अशी योजना होती. या निर्णयाची चर्चा राष्ट्रवादाच्या अंगाने झाली आहे, ती योग्यच आहे. परंतु तो कृतज्ञतेच्या शुद्धीचाही प्रयत्न होता. देवाचे देणे आणि मिशनचे वेतन एकाच हातातून येत राहिले, तर स्तुतीत नोकरीचा सूर मिसळणार, हे या कवीने ओळखले. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दरबार मूळ धरण्याआधीच पोरका झाला.

येथवरचे चित्र उदात्त आहे. पण पगार सोडणाऱ्या संन्याशाच्या घरी चूल असते, आणि ती पेटवणाऱ्या व्यक्तीने एक पुस्तक लिहिले आहे.

लक्ष्मीबाई : माणसांवरून जाणारी वाट

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. त्याचे कौतुक तेव्हापासून अखंड होत आले आहे. मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान निर्विवाद आहे आणि इंग्रजीतही ते एकाहून अधिक वेळा गेले. मात्र या कौतुकाचे दोन तट पडलेले दिसतात. सर्वसाधारण मराठी वाचक व समीक्षक यांनी पुस्तकातील विनोद, निर्मळपणा आणि घरगुती भाषा उचलून धरली. त्यातील ख्रिस्ती श्रद्धा हा जणू पात्रांच्या चरित्रातील एक तपशील मानला. ख्रिस्ती वाचकांनी ते श्रद्धेची साक्ष म्हणून वाचले आणि विनोदाला वाटेतली करमणूक समजले. दोन्ही वाचनांत पुस्तक अर्धे हाती येते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत विनोद हे श्रद्धेचे वेष्टण नाही. कृतज्ञता व्यक्त करण्याची ती त्यांची रीतच आहे.

हे समजण्यासाठी प्रथम त्यांच्या वाट्याला काय आले ते पाहावे. माहेरी वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याओवळ्याचा जाच, अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न, अपत्यांचे मृत्यू, मनात येईल तेव्हा घर सोडून जाणारा, हातातला पैसा वाटेतच वाटून टाकणारा, रागाचा भडका उडाला की आवरता न येणारा नवरा. त्यात १८९५ मध्ये त्याने धर्म बदलला आणि ही बाई नवरा जिवंत असून नसल्यासारखी झाली. सुमारे पाच वर्षे ती नातेवाइकांकडे, पंढरपुरासारख्या ठिकाणी, लोकांच्या दयेच्या आणि कुतूहलाच्या नजरा झेलत राहिली. या काळाचे वर्णन करताना लक्ष्मीबाई दुःख लपवत नाहीत. पण त्या दुःखाच्या आसपास कोण कोण होते, हे त्यांना अधिक आठवते. कोणी जवळ घेतले, कोणी टाकून बोलले, कोणी आपल्याच अडाणीपणामुळे हसवले. स्मृतीच्या या गर्दीत कोणीही केवळ खलनायक म्हणून उरत नाही.

टिळकांच्या कृतज्ञतेची गती सरळ वरच्या दिशेने आहे. दिसले फूल की आठवला देव. लक्ष्मीबाईंची कृतज्ञता आडवी चालते. ती शेजारणीवरून, नणंदेवरून, परक्या जातीच्या बाईने दिलेल्या पाण्यावरून जाते आणि देवापर्यंत पोहोचते तेव्हा तिच्या पायाला वाटेची माती लागलेली असते. त्यांच्या धर्मांतराचा क्रमच पाहावा. पतीकडे परत आल्यावरही त्यांनी सोवळे सोडले नव्हते. एकाच घरात ख्रिस्ती नवरा आणि सोवळ्यातली बायको अशी ती विलक्षण व्यवस्था होती. मग जाती देवाने केल्या की माणसाने, या प्रश्नाने त्यांना गाठले आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास हरकत नाही, असा निर्णय त्यांनी स्वतःशी घेतला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. सिद्धांत आधी आणि आचरण मागाहून, असा प्रवास येथे झाला नाही. दुसऱ्याच्या हातचे घेता येणे, हीच त्यांच्या श्रद्धेची पहिली पायरी ठरली. कृतज्ञतेचे मूळ घेण्यात आहे. ज्याला कोणाच्या हातचे घेताच येत नाही, तो कृतज्ञ तरी कसा होणार? सोवळे म्हणजे घेण्याला नकार, ही गोष्ट लक्ष्मीबाई कोठेही सूत्ररूपाने सांगत नाहीत. पण वडिलांच्या सोवळ्यापासून स्वतःच्या मोकळेपणापर्यंतचा पुस्तकाचा सारा पल्ला तेच सांगतो.

पंडिता रमाबाईंशी तुलना केली असता हे वेगळेपण अधिक उठून दिसते. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की धर्म मिळाला होता, पण ख्रिस्ताचा प्रत्यक्ष अनुभव १८९१ च्या सुमारास, म्हणजे आठ वर्षांनी आला. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात जे आध्यात्मिक जागरण झाले, त्यात शेकडो स्त्रिया व मुली मोठमोठ्याने रडत, प्रार्थना करीत, आनंदाने गात होत्या. रमाबाईंचे कथन आधी अंधार, मग प्रकाश अशा साक्षीच्या चौकटीत बसते आणि त्या चौकटीचे सामर्थ्य कोणी नाकारू नये. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात अशी एकच एक वळणरेषा सापडत नाही. धर्मांतरानंतर नवरा बदलला, पण पूर्ण नाही. गरिबी गेली, पण पुन्हा आली. भांडणे थांबली नाहीत. आनंदाची नोंद मात्र अधिकाधिक वाढत जाते. परिस्थिती सुधारल्याचे ते द्योतक नाही. सांगणारीची नजर सुधारली, एवढेच.

आता विनोदाकडे वळता येईल. टिळकांच्या औदार्याचे प्रसंग लक्ष्मीबाई सांगतात तेव्हा दोन हिशेब एकाच वेळी मांडले जातात. घरात दाणा नसताना पैसे दुसऱ्याला देऊन टाकणारा माणूस देवाच्या हिशेबात धन्य असेल. बायकोच्या हिशेबात तो बेजबाबदार आहे. लक्ष्मीबाई यांपैकी एकही हिशेब खोडत नाहीत. प्रसंग सांगून, दोन्ही आकडे शेजारी ठेवून त्या हसतात. हे हसू तक्रार बुजवत नाही. खरे तर तक्रार इतक्या स्पष्टपणे मांडली गेल्यामुळेच हसणे शक्य होते. टिळकांच्या गीतांत जी घालमेल कमी पडते असे वर म्हटले, ती येथे भरून निघते. स्तोत्रकर्ता विलापातून स्तुतीकडे ज्या वळणाने जातो, ते वळण लक्ष्मीबाई विनोदाने घेतात.

पुस्तकभर पतीचा उल्लेख ‘टिळक’ असा येतो, याचीही येथे नोंद घेतली पाहिजे. हे नुसते त्या काळातील शिष्टाचाराचे पालन नव्हे. आडनावाने हाक मारल्यामुळे पती थोडा दूर, प्रकाशात उभा राहतो; त्याच्याकडे पाहता येते, त्याला हसता येते आणि त्याचा अभिमानही बाळगता येतो. लिहिताना टिळकांच्या मृत्यूला कितीतरी वर्षे उलटली होती. उलट उत्तर देणारा कोणी नसताना केलेले हे स्मरण आहे. तेथे सूडही सोपा होता आणि पोथीबंद गौरवही. दोन्ही टाळले गेले.

हे घर दुसऱ्यांनाही आनंदाला जागा देऊ शकले, याचा पुरावा मराठी कवितेत आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्याविषयी आईच्या मायेने लिहिले आहे. आनंदावरची मराठीतील सर्वांत परिचित कविता ज्याच्या नावावर आहे, त्या हिंदू मुलाला एका ख्रिस्ती घराने आपले मानले, आणि त्याच्या धर्माचा प्रश्न त्या मायेच्या आड आला नाही. १९१८ च्या मे महिन्यात रेल्वे-अपघातात बालकवी गेले. वर्षभरात टिळकही गेले.

अर्थात लक्ष्मीबाईंच्या लेखनालाही मर्यादा आहेत. हसण्याची सवय झालेले लेखन काही ठिकाणी थांबावयास विसरते. एखाद्या प्रसंगातील अन्याय इतका ढळढळीत असतो की वाचकाला त्यावर हसू नये असे वाटते, पण कथन पुढच्या गमतीकडे निघून गेलेले असते. स्त्रीने सोसणे आणि ते गोड करून सांगणे, या जुन्या अपेक्षेची छाया त्या ठिकाणी पुस्तकावर पडते. आजच्या वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना विद्यार्थिनी नेमका हाच प्रश्न उपस्थित करू शकतात : हा आनंद की तडजोड? भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरात, जेथे एका वर्गात मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी अशा निरनिराळ्या घरभाषा बसलेल्या असतात, तेथे आयांच्या सोसण्याच्या गोष्टी प्रत्येक भाषेत ठाऊक असतात. या प्रश्नाला पुस्तकाकडून सरसकट उत्तर मिळत नाही. काही पानांवर ती तडजोडच आहे. मात्र जातीच्या प्रश्नावर, किंवा पतीच्या एखाद्या हट्टासमोर, ही बाई ठामपणे ‘नाही’ म्हणते तेव्हा लक्षात येते की तिचा होकारही दुबळ्या माणसाचा नव्हता. नकार देण्याची ताकद असलेल्यानेच मानलेले आभार खरे, ही कसोटी लावली तर पुस्तकाचा फार मोठा भाग तीवर उतरतो.

अपुरे काव्य

या परंपरेचा पुढचा प्रवाह वसईकडे वळतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ या मासिकातून आणि ‘ओअ‍ॅसिसच्या शोधात’, ‘सृजनाचा मोहोर’ यांसारख्या पुस्तकांतून ख्रिस्ती आनंदाची भाषा सर्व मराठी वाचकांसाठी मोकळी केली. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी त्यांनी चळवळही केली. निर्मितीबद्दलची कृतज्ञता तिच्या रक्षणाच्या जबाबदारीपर्यंत कशी जाते, याचा तो स्वतंत्र अभ्यासविषय आहे. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

टिळकांच्या घराकडे मात्र एका कारणासाठी परतावे लागते. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरील महाकाव्य आरंभिले होते. ते अपुरे टाकून ते गेले. ज्या स्त्रीला अक्षरओळख लग्नानंतर पतीकडून झाली, त्याच्या उधळेपणावर जिने आयुष्यभर बोट ठेवले, पाच वर्षे जिला त्याच्याविना काढावी लागली, तिने ते काव्य पुढे चालवले. संख्येने पाहिले तर त्यातील बहुतेक अध्याय तिचेच आहेत. काव्यगुणांच्या दृष्टीने टिळकांचे आरंभीचे अध्याय सरस, असा अभिप्राय द्यावा लागेल. लक्ष्मीबाईंची ओवी कथा सांगत साधेपणाने पुढे जाते, झेप क्वचित घेते. परंतु पती जेथे थांबला होता, त्याच ओळीच्या पुढे तिने पहिली ओळ लिहिली. १९३६ च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई गेल्या. दोघांच्या हातचे ते पुस्तक १९३८ मध्ये छापून आले.